कांद्याच्या सालांची पिशवी

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, धुणं भिजवायच्या आधी सवयीनं सगळ्यांचे खिसे तपासत होते. नवऱ्याच्या शर्टात चिल्लर, धाकटीच्या फ्रॉकला खिसाच नाही, आणि थोरल्याच्या नव्या कोऱ्या क्रीम पँटच्या उजव्या खिशात हात घातला तर बोटांना काहीतरी टोचलं. बाहेर काढलं तर अंड्याची टरफलं. विटकरी रंगाची, कांद्याच्या सालात उकडल्यावर येतो तो रंग, आणि त्यातल्या एका नखाएवढ्या तुकड्यावर मेथीच्या पानाचा पांढरा ठसा अजून शाबूत. टरफलांना ओली माती चिकटलेली होती. मी तशीच मोरीच्या कट्ट्यावर बसले. पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर चिखलाचे डाग, आणि त्याच डागांवरून रविवारी पहाटे मी त्या पोराला घालूनपाडून बोलले होते.

नीट सांगायचं तर आदल्या गुरुवारपासून सांगायला पाहिजे.

यंदा हनुमान जयंती आणि आमचा पवित्र गुरुवार एकाच दिवशी आले. सकाळी शेजारच्या काकूंनी वाटीतून सुंठवडा आणून दिला. धाकटीनं राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा आमचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवसापासून, गोड सोडलेलं, म्हणजे तिचं तिनंच ठरवलेलं, पाच वर्षांची आहे पण हट्टी आहे, ती त्या वाटीकडं बघत उभी. काकू म्हणाल्या, "अगं देवाचा प्रसाद हाय, त्याला उपास मोडत नाही की." तिनं माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली, आणि तिनं चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटले. मला ते फार आवडलं. तसं बघितलं तर हा योगायोग नाहीच. २१ मार्च किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, ३२५ साली निकियाला ख्रिस्ती धर्मगुरूंची परिषद भरली तेव्हापासून चंद्र बघूनच हा सण ठरत आलाय, त्यामुळं तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कुठंही जाऊन बसतो. बऱ्याचदा ती पौर्णिमा म्हणजे आपली चैत्र पौर्णिमाच. २०२४ला मात्र ३१ मार्चलाच ईस्टर आला, होळीच्या पौर्णिमेला लागून. गुरुवारी रात्री पाय धुण्याचा विधी आटोपून चर्चमधून बाहेर आलो तर कॅम्पातल्या मोठ्या झाडांमागं चंद्र वर आलेला, आणि थोरला म्हणाला, "म्हणजे येशूला बागेत धरायला आले तेव्हा एवढाच उजेड होता?" मी म्हटलं, होय, यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेलाच असायचा ना. तो म्हणाला, "मग मशाली कशाला आणल्या?" मला उत्तर आलं नाही. नऊ वर्षांचा आहे. त्याचे प्रश्न हल्ली असेच असतात, आपण रोज ज्याच्यावरून जातो त्या जागीच तो थांबतो.

माझं माहेर मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ, बेळगावातलंच, पिढ्यान्‌पिढ्या मराठी उपासना म्हणणारं. आजोबा सांगायचे की लंडन मिशनची माणसं १८२०मध्ये इथं आली आणि १९०४ला त्यांनी इथलं काम मेथडिस्टांच्या हवाली केलं, आणि ते सांगताना घरातलीच वाटणी सांगितल्यासारखं सांगायचे. सासर कॅथलिक, खानापूर तालुक्यातलं, गोव्याच्या बाजूचं, घरात कोंकणी. त्यामुळं पोरांना दोन्हीकडचं सगळं मिळतं. शामायकडं, म्हणजे माझ्या सासूबाईंकडं, कोंकणीत तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना, आजोळी मराठीत 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', शाळेत कन्नड आणि इंग्लिश. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटायचं आपण काहीतरी सोडून आलोय. गुड फ्रायडेला माहेरी बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरची सात वचनं, सात जण बोलणार, बाकड्यावर बसून बसून मांड्या घामानं चिकटायच्या, पंखा एकच आणि तो पाळकसाहेबांच्या डोक्यावर. सासरी त्या दिवशी घंटाच वाजत नाही. गुरुवारी ग्लोरिया या स्तुतिगीताला वाजते आणि मग शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प. तिच्या जागी लाकडाची मात्राक फिरवतात, खर्रर्र खट्ट, खर्रर्र खट्ट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, ते आत्ताही आठवतं. पितळेच्या गोड आवाजाची सवय असलेल्या कानाला तो कोरडा लाकडाचा आवाज म्हणजे खरंच कुणी तरी गेल्यासारखं वाटतं. आता मला त्या आवाजाशिवाय गुड फ्रायडे होत नाही, आणि सात वचनांशिवायही होत नाही, म्हणून त्या दिवशी मी दुपारी माहेरच्या चर्चमध्ये असते आणि तिथून उपाशीपोटी नवऱ्याच्या चर्चला पळते.

त्या दिवशी जेवण म्हणजे सासूबाईंच्या हातची पेज. उकड्या तांदळाची, वर मिठाचा खडा, बाजूला कैरीचं ताजं लोणचं आणि बस्स. त्या दिवशी घरात खिळा ठोकायचा नाही, केर मोठ्यानं काढायचा नाही, टीव्ही नाही. सासूबाई खाली पाट घेऊन बसतात आणि पोरांना पेज वाढताना काहीच बोलत नाहीत, आणि एरवी जेवताना घर डोक्यावर घेणारी ही दोघं त्या दिवशी आपोआप हळू बोलतात. मी कधी त्यांना गप्प बसा म्हणून सांगितलेलं नाही. संध्याकाळी क्रुसाच्या पायाचं चुंबन घ्यायला रांग लागते, धाकटीची पाळी आली तेव्हा ती वाकली आणि खिळ्याच्या जागेवर तिनं फुंकर मारली. गुडघा फुटल्यावर मी तिला मारते तशी. मागच्या बाई थबकल्या, मग त्यांनी पदर डोळ्याला लावला. घरी येताना स्कूटरवर माझ्या पोटाला धरून ती विचारत होती, आता त्याला कुठं ठेवलं? मी सांगितलं, नव्या कापडात गुंडाळून, खडकातल्या कबरेत, आणि तोंडावर मोठी धोंड. "आणि मग?" मग रविवारी बघू.

ते 'रविवारी बघू' तिनं फार मनावर घेतलं, हे मला उशिरा कळलं.

शनिवार आमच्याकडं अंड्यांचा. ही माझ्या माहेरची, म्हणजे खरं तर आमच्या संडे स्कूलच्या बाईंची देणगी. राखेच्या बुधवारपासून स्वयंपाकघराच्या दारामागं एक कापडी पिशवी टांगायची आणि रोजच्या कांद्याची कोरडी सालं त्यात टाकत जायची. चाळीस दिवसांत पिशवी फुगते, आणि तिला हात लावला की वाळक्या पानांसारखी कुरकुरते. शनिवारी ती सगळी सालं मोठ्या पातेल्यात पाण्यात घालून उकळायची, पाणी जांभळट लाल झालं की थोडं व्हिनेगर. अंड्यावर मेथीचं नाहीतर कोथिंबिरीचं पान ओलं करून चिकटवायचं, वर जुन्या मलमलचा तुकडा ताणून दोऱ्यानं बांधायचं आणि उकडायचं. बाहेर काढून दोरा सोडला की विटकरी अंड्यावर पांढरं पान. दर वर्षी सोडताना माझाच श्वास अडकतो, पोरांचं तर विचारूच नका. पूर्वी उपवासकाळात अंडीसुद्धा वर्ज्य असायची, कोंबड्या काही त्यासाठी थांबायच्या नाहीत, मग सणापर्यंत घरोघर ढीग साठायचा, तिथून ही अंडी सणात आली. आमच्या संडे स्कूलच्या बाई वेगळं सांगायच्या, अंडं बाहेरून दगडासारखं, पण आत जीव. उकडलेल्या अंड्यात कसला जीव, हे तेव्हा आम्हाला सुचलं नाही. थोरल्याला यंदा सुचलं. त्यानं विचारलं, आणि विचारून झाल्यावर धाकटीकडं बघून एकदम गप्प झाला.

अकरा अंडी केली होती. संध्याकाळी वाटीत दहाच. धाकटीला विचारलं तर मागच्या दारी घेऊन गेली. जास्वंदीच्या बुडाशी माती थापटलेली, वर फरशीचा एक तुकडा. मेथीच्या पानाचं अंडं तिनं पप्पाच्या धुतलेल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून पुरलं होतं, आणि फरशी कुणी सरकवू नये म्हणून शेजारी तिची प्लास्टिकची बाहुली उभी केलेली. शिपाई. "रविवारी उठणार," म्हणाली. मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. सालांच्या पाण्यानं माझे हात लाल झालेले, रात्रीच्या जागरणाला निघायचं होतं, साड्यांना इस्त्री व्हायची होती. हे कारण खरं आहे पण पुरतं नाही. खरं म्हणजे तिचा चेहरा असा होता की मला शब्द सापडले नाहीत.

रात्री वळीव आला. चर्चच्या आवारात नवा अग्नी पेटवायची तयारी केलेली आणि ढग गडगडायला लागले, सगळे वर बघतायत, पण अग्नी पेटला, त्यावरून मोठी मेणबत्ती पेटली, तिच्यावर यंदाच्या सालाचे आकडे आणि पाच धुपाचे दाणे खोवलेले, आणि पहिला थेंब पडायच्या आत फादर अंधाऱ्या देवळात शिरले. हो, देऊळच म्हणते मी, सासूबाई इगर्ज म्हणतात. क्रिस्ताचो उजवाड, म्हणजे ख्रिस्ताचा उजेड, असं तीनदा गातात आणि एकाच ज्योतीवरून माणसामाणसांत उजेड पसरत जातो. आई-बाप एका हातानं पोरांच्या मेणबत्त्या आणि दुसऱ्या हातानं पोरींच्या वेण्या सांभाळतायत, मेण बोटांवर सांडतंय, बाहेर मातीचा वास आणि आत मेणाचा. मग जुन्या करारातली वाचनं, उत्पत्तीपासून, धाकटी तांबड्या समुद्रापर्यंत जागी होती. ग्लोरियाला सगळे दिवे लागले आणि दोन दिवस गप्प असलेल्या घंटा एकदम वाजल्या, तेव्हा ती दचकून उठली आणि झोपेतच हसली.

घरी येऊन झोपायला दीड वाजला. चारला मी उठले, कारण सूर्योदयाची उपासना माझ्याकडची. मागं बंब पेटवायला गेले, मोबाईलच्या टॉर्चचा उजेड जास्वंदीकडं गेला आणि पोटात गोळा आला. फरशी होती तिथंच होती, पण बाजूनं घुशीनं भलं मोठं बीळ पाडलेलं. ओल्या मातीत तिच्या पंजांचे ठसे, रुमाल मोरीच्या तोंडापर्यंत ओढत नेलेला, आणि टरफलं विखुरलेली. मी तिथं किती वेळ उभी होते कोण जाणे. वाटीतलं दुसरं अंडं आणून पुरावं का? मग उठणार काय, ते तर तसंच निघणार. काहीच न करता तिला खरं सांगावं का, की बाय, घूस खाऊन गेली? पहाटे चार वाजता, ईस्टरला? सगळं साफ करून अंडं उठून गेलं म्हणून सांगावं, तर ते खोटं. आणि ज्या गोष्टीवर माझी आई, आजी जगल्या त्या गोष्टीच्या शेजारी मी खोटं नेऊन ठेवू? बंबात धूर झाला, डोळे चुरचुरले. उपासनेहून आल्यावर बघू, असं म्हणून मी आत गेले. परत 'बघू'.

पोरांना उठवलं, धाकटीच्या वेण्या घालत होते, तेवढ्यात थोरला मागच्या दारानं आत आला. गुडघ्यापर्यंत चिखल. नवी पँट, सणाची, आजीच्या पेन्शनच्या शेवटच्या पैशातून घेतलेली, आणि वाजलेत पावणेपाच. मी जी सुरू झाले. अक्कल आहे का, एवढ्या पहाटे चिखलात काय करत होतास, मोठा झालास तरी कळत नाही. तो काही बोलला नाही. "चप्पल शोधत होतो," एवढंच. चप्पल पुढच्या दारात होत्या, ते मला तेव्हा दिसलं नाही. ओल्या फडक्यानं गुडघे पुसले, डाग आणखी पसरले, आणि तसेच निघालो.

आमच्या दफनभूमीत ईस्टरच्या पहाटे मेणबत्त्या लागलेल्या असतात तेव्हा ती जागा मला जगातली सगळ्यात आपली वाटते. आदल्या दिवशी कबरींना चुना दिलेला, ओला चुना आणि निशिगंधाचा वास, वाऱ्यासाठी मेणबत्तीभोवती कागदी कप कापून लावलेले, आणि अंधारात ओळखीच्या माणसांचे आवाज, अगं किती मोठी झाली, कधी आलात पुण्याहून. आई गेली त्याला सव्वा वर्ष झालं. मागच्या वर्षी तिच्या कबरीपाशी थोरल्यानं विचारलं होतं, येशू तिसऱ्या दिवशी उठला, आजी कधी उठणार? मी म्हटलं, शेवटच्या दिवशी. तो म्हणाला, "म्हणजे कोणत्या वारी?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मला माहीत नाही रे, नको विचारू आता." खरंच माहीत नव्हतं, आणि आईची माती अजून खचत होती. नंतर त्यानं तो प्रश्न पुन्हा कधी काढला नाही, हे मला वर्षभर टोचत होतं. यंदा तोच प्रश्न धाकटीनं विचारला. मी तोंड उघडायच्या आत थोरल्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "तो वार कुणालाच माहीत नाही. म्हणून तर दर वर्षी बघायला यायचं." आणि चिखलाच्या गुडघ्यांवर खाली बसून त्यानं विझलेली मेणबत्ती परत लावली.

उपासनेत मार्कच्या शुभवर्तमानातलं वाचलं. बाया पहाटे सुगंधद्रव्यं घेऊन निघतात आणि वाटेत एकमेकींना विचारतात, धोंड कोण लोटणार. मला ही ओळ फार जवळची वाटते, कारण पहाटे घराबाहेर पडणाऱ्या बायका असंच बोलतात, आधी कामाचं. मग धोंड लोटलेली दिसते, आणि त्या इतक्या घाबरतात की पळून जातात आणि कुणाला काही सांगत नाहीत. मार्कच्या सगळ्यात जुन्या प्रतींत गोष्ट इथंच थांबते. लहानपणी मला या बायकांचा राग यायचा, एवढं बघितलं आणि बोलायचं नाही? त्या दिवशी पूर्वेकडं फटफटत असताना, मोरीच्या तोंडाशी पडलेला रुमाल डोळ्यांसमोर घेऊन मी उभी होते आणि मला त्यांचा राग आला नाही.

प्रभू उठला आहे. खरोखर उठला आहे. हातात हात देत सगळे फाटकापर्यंत आले.

घरी पोचलो तर धाकटी स्कूटर थांबायच्या आत उडी मारून मागच्या दारी धावली. मी तिच्या मागं, साडीत पाय अडकतोय, काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. आणि मी कोपऱ्यावर पोचले तेव्हा ती जास्वंदीपाशी उभी होती. फरशीचा तुकडा बाजूला सरकवलेला. बीळ बुजवून तिथं गोल, नीट, रिकामा खड्डा. टरफलाचा एक कण नाही, पंजाचा ठसा नाही, सगळी माती हातानं सारखी केलेली. आणि खड्ड्याच्या काठावर पप्पाचा रुमाल, चार घड्या घालून ठेवलेला. बाहुली आडवी. धाकटीनं दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "मम्मी! अंडं एद्दलं!" एद्दा म्हणजे कन्नडमध्ये उठला. शाळेतलं कन्नड आणि घरचं मराठी तिच्या तोंडात असं एक होतं. शेजारच्या काकू गॅलरीत आल्या, त्यांना तिनं वर बघून परत सांगितलं, "काकू, एद्दलं!" आणि काकू म्हणाल्या, "होय काय गं! बरं झालं की!"

मला वाटलं नवऱ्यानं केलं. त्याच्याकडं डोळे भरून बघितलं तर तो म्हणतो, "कितें गे?" रात्री पुन्हा विचारलं, तर तो म्हणाला, मला तू हलवून उठवलंस तेव्हा पाच वाजून गेलेले, मी कधी मागं गेलो? दिवसभर घरात सान्नां, सोरपोतेल, माहेरहून आलेला पुलाव, गोव्याची नणंद, काकूंना डब्यातून अंडी आणि त्यांच्याकडून कुंदा, त्या गडबडीत मी पुढं विचारच केला नाही. थोरला दिवसभर इतर पोरांत होता, अंडी शोधायच्या खेळात यंदा त्यानं एकही अंडं घेतलं नाही, लहान पोरांना डोळ्यांनी खुणावत होता. उजवा हात मात्र सारखा खिशात.

म्हणून सोमवारी मोरीच्या कट्ट्यावर बसून मी ती टरफलं मोजली. लहानमोठी चौदा. अंधारात, पावसानं भिजलेल्या मातीत, मी बंबापाशी उभी राहून हळहळत होते ते त्यानं खिडकीतून बघितलं असेल का? की स्वतःच आधी जाऊन आला होता? येशूच्या कबरेवरच्या मोठ्या धोंडेचं, आत दुमडून ठेवलेल्या कापडाचं त्यानं सगळं ध्यानात ठेवलं होतं. माझ्या पोटात कालवाकालव झाली, अभिमान म्हणावा तर त्यात भीतीही होती. त्याचा विश्वास उडाला म्हणून त्यानं हे केलं, की विश्वास आहे म्हणून? नऊ वर्षांच्या पोरानं एकट्यानं एवढं उचलायचं? आणि वर माझ्या शिव्या खायच्या, आणि चप्पल शोधत होतो म्हणायचं. मला त्याला जवळ घेऊन माफी मागायची होती, पण धाकटी शाळेला गेलेली नव्हती, ताप होता थोडा जागरणानं, ती माझ्या पाठीवर रेलून जास्वंदीकडं बघत बसलेली. टरफलं मी पदरात बांधली. नंतर डब्यात ठेवली, आईच्या चष्म्याशेजारी.

संध्याकाळी तो शाळेतून आला तेव्हा मी कांदा चिरत होते. मागच्या दारातून दोरीवरची क्रीम पँट दिसत होती, डाग फिके झालेले, दोन्ही खिसे बाहेर उलटे काढून वाळत घातलेले. त्यानं पँटकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी म्हटलं, "बाबू, काल मी उगाच बोलले तुला." तो पुढच्या खोलीत झोपलेल्या धाकटीकडं मान करून म्हणाला, "हळू." दप्तर खाली ठेवलं, ओट्यावरची कांद्याची सालं दोन्ही हातांनी गोळा केली, आणि दारामागची पिशवी, जी शनिवारीच रिकामी झालेली, पुढच्या राखेच्या बुधवारपर्यंत आम्ही कधीच भरायला घेत नाही ती पिशवी, उघडून त्यात टाकली.